पाचव्या पानावरची सही

आंब्याला जुलैत मोहोर येतो, हे मला एका विद्यार्थ्याने लेखी कळवलं होतं. तेही पुराव्यासकट. जाड पांढऱ्या कागदावर वाळलेला मोहोर सुई-दोऱ्याने टाचलेला, खाली ज्या वर्तमानपत्रात तो दाबून वाळवला त्याचा तुकडा चिकटवलेला, आणि त्या तुकड्यावर जुलै महिन्यातली तारीख.

"कुठल्या झाडाचा रे हा मोहोर?" मी विचारलं.

"मामाच्या अंगणातला आहे मॅडम."

"मामाचं अंगण कुठल्या देशात आहे?"

त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "उप्पलमध्ये."

उप्पल म्हणजे हैदराबादचंच एक टोक. त्याच शहरात चिक्कडपल्लीच्या एका ज्युनियर कॉलेजात मी एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. आपल्याकडची अकरावी-बारावी, इथे तिला इंटर म्हणतात. लग्न होऊन पुण्याहून आले, नवरा रेल्वेत, घर तारनाक्याला. पहिली दोन वर्षं मी वर्गात हिंदी बोलायचे आणि मुलं हसायची. मग तेलुगू शिकले, तेव्हा ती जास्तच हसायला लागली. असो. सांगायचं आहे ते मुलांच्या चालढकलीबद्दल. त्या विषयातला माझा अधिकार मोठा आहे. तो किती मोठा, हे पुढे कळेलच.

वनस्पतिशास्त्राची एक गंमत आहे. गणित एका बैठकीत उरकता येतं, इतिहास आदल्या दिवशी घोकता येतो, पण रोप काही कुणाच्या परीक्षेसाठी लवकर वाळत नाही. ते मुळासकट उपटायचं, माती झटकायची, वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून वर जड पुस्तकं ठेवायची, दर दोन दिवसांनी कागद बदलायचा. दहा-बारा दिवसांनी रोप सपाट आणि कोरडं होतं, पण रंग धरून असतं. वीस रोपांचा संग्रह करायला मी मुलांना जूनपासून सांगायचे, आणि मुलं जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ऐकायची. मग हातात दोन दिवस उरलेले असताना काय करणार? कपड्यांच्या इस्त्रीने रोपं वाळवायची. इस्त्रीचं पान लगेच ओळखू येतं. काळपट पडतं आणि त्याला परतलेल्या मेथीच्या भाजीसारखा वास येतो. एका मुलीने तर वडिलांचा शर्ट आणि सदाफुली एकदमच इस्त्री केली होती. वडील तो शर्ट घालून मला भेटायला आले होते. खिशावर पाच पाकळ्या अगदी स्पष्ट उमटल्या होत्या, आणि ते पाहून मी मुलीला रागावूच शकले नाही.

या इस्त्रीवर उपाय म्हणून मी वर्तमानपत्राचा नियम काढला. ज्या कागदात रोप वाळवलं त्याचा तारखेचा तुकडा खाली चिकटवायचा. मला वाटलं, आता कशी फसवतील? पण मुलांनी अफझलगंजला रद्दीवाला गाठला. तो महिनावार गठ्ठे लावून ठेवायचा. जुलैचा पाहिजे की ऑगस्टचा, एवढंच विचारायचा. मोहोरवाल्या मुलाने जुलैचा घेतला होता. त्याला मी सगळा संग्रह पुन्हा करायला लावला. माझ्या हुशारीचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता, हेही सांगून टाकते.

कामं पुढे ढकलण्याची या शहराला सवयच आहे. तेलुगू मुलं म्हणायची, "रेपु, मॅडम." रेपु म्हणजे उद्या. जुन्या शहरातली मुलं म्हणायची, "कल देखेंगे ना मॅडम, टेन्शन नक्को." या सगळ्यांना मी दर वर्षी पहिल्या तासाला कडक भाषण द्यायचे. आज नाही उद्या करणाऱ्याचं वर्ष कसं वाया जातं, किती हुशार मुलं अशी मागे पडली, वगैरे. इतक्या वर्षांत त्या भाषणाची इतकी तालीम झाली होती की मध्ये कुणी शिंकलं तरी वाक्य तुटत नसे.

आता शीतलची गोष्ट. त्यासाठी आधी रेकॉर्ड म्हणजे काय ते सांगायला हवं. आपण जिला जर्नल म्हणतो, ती प्रयोगवही म्हणजे रेकॉर्ड. दर मंगळवारी प्रयोग व्हायचा, मुलांनी वहीत त्याची आकृती काढायची, भागांना नावं द्यायची आणि मी तपासून पानाच्या खाली तारखेसह सही करायची. वर्षाच्या शेवटी पहिल्या पानावर कॉलेजचा शिक्का. तो नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही, म्हणजे वर्ष गेलंच. या वह्यांसाठी माझे दोन नियम होते. एक, जिथे शंका असेल तिथे पेन्सिलने बारीक प्रश्नचिन्ह करा, मी तपासताना उत्तर देईन. काही मुलं वर्गात तोंड उघडत नाहीत, त्यांच्यासाठी ही सोय. दुसरा, मागच्या पानावर माझी सही झाल्याशिवाय पुढचं पान काढायचं नाही. हा शेवटी एकदम सगळं खरडणाऱ्यांसाठी. दुसरा नियम कुणीच पाळायचं नाही, आणि खरं तर त्यामुळेच कॉलेज चालायचं. कारण दर आठवड्याला साठ वह्या तपासणं मला कधीच जमलं नाही. सवडीने एकदम सह्या करायच्या आणि तारखा मागच्या टाकायच्या, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. मी तीन पेनं घेऊन बसायचे, निळं, काळं आणि एक जरा फिकट झालेलं निळं, म्हणजे सह्या वेगवेगळ्या दिवशी केल्यासारख्या दिसाव्यात. समोर भिंतीवर कॅलेंडर, रविवार आणि सुट्ट्या चुकवायला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कुणाला वाटलं तर त्यांचं बरोबर आहे.

शीतल दुसऱ्या वर्षाला होती. मराठीच घर, दोन पिढ्यांपूर्वी नांदेडकडची शेती सोडून आलेलं. वडील बालाजीराव एका हार्डवेअरच्या दुकानात मॅनेजर. शीतलला मराठी बोलता यायचं पण वाचताना अडखळायची, तेलुगूत भांडायची आणि मला भेटली की अगदी ठेवणीतलं मराठी काढायची. हुशार, पण तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून पाणी शेंदण्यासारखं. तिला शेतकी कॉलेजला जायचं होतं. आजोबांची जमीन गेली, आपण निदान त्यातलं शिकावं, असं तिने मला एकदा जिन्यात सांगितलं होतं. वडिलांनी बजावलं होतं की एका फटक्यात पास झालीस तर पुढे शिकवीन, नाहीतर बस झालं.

जानेवारीत मी रेकॉर्डची यादी केली. सगळ्यांची वही जमा, शीतलची नाही. प्रॅक्टिकल दहा दिवसांवर आलेलं.

"रेकॉर्ड कुठंय?" मी भर वर्गात विचारलं.

ती बाकावरून उठून उभी राहिली.

"पूर्ण झालंय का?"

"नाही मॅडम."

"किती पानं झालीत?"

"पाच."

वीसपैकी पाच. मी माझं ते भाषण सुरू केलं, आणि या वेळी समोर उदाहरण उभं असल्यामुळे ते भलतंच रंगलं. आळस, बेफिकिरी, आईबापांचे कष्ट, काही म्हणून सोडलं नाही. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, उद्या वडिलांना घेऊन ये.

बालाजीराव दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. दुकान उघडायच्या आधी आले होते, हातात किल्ल्यांचा जुडगा होता. त्यांचं मराठी हैदराबादेत मुरलेलं.

"मॅडम, पोरगी घरी रोज पेन्सिल घेऊन बसते. मी माझ्या डोळ्यानं बघतो."

"मग वही कुठंय?"

"तेच मी पुसलो तिला. ती म्हणते, वही मॅडमकडं आहे."

"माझ्याकडे?" मला हसूच आलं. मुलांच्या सबबी ऐकण्यात माझी हयात गेली होती. "बालाजीराव, माझ्याकडे असती तर मी कशाला मागितली असती?"

ते शीतलकडे बघायला लागले. शीतल माझ्या पाठीमागच्या कपाटाकडे बघत होती.

यादय्या हा आमचा प्रयोगशाळेतला मदतनीस. माझ्याही आधीपासून कॉलेजात होता, आणि मॅडमच्या वस्तू मॅडमपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक असायच्या. तो पुढे झाला, त्याने कपाट उघडलं, खालच्या खणातली कापडी पिशवी ओढली आणि त्यातून जुने पेपर, एक छत्री, मी हरवली असं समजून घरभर शोधलेली चष्म्याची डबी आणि शीतलचं रेकॉर्ड काढून टेबलावर ठेवलं. काखेत कळसा म्हणतात तो असा.

सगळं मला आठवलं. ऑगस्टच्या शेवटी बारा वह्या तपासायला घेतल्या होत्या. मग गणपती, पाहुणे, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. बाकीची अकरा मुलं आपापली वही टेबलावरून सही न होताच उचलून घेऊन गेली आणि पुढची पानं काढत राहिली. शीतलने वही उचलली नाही, कारण पाचव्या पानावर सही झाली नव्हती. दोनदा ती मला विचारायला आली होती. दोन्ही वेळा मी म्हटलं होतं, "हो गं, बघते उद्या." मग ती विचारायची थांबली, आणि यादय्याने टेबल आवरताना वही पिशवीत टाकून दिली. साठ मुलांत माझा नियम पाळणारी ही एकच निघाली, आणि तिलाच मी सगळ्यांसमोर आळशी म्हटलं होतं. मला फार लाज वाटली. आजही ते आठवलं की वाटते.

"मग घरी रोज काय काढत होतीस?" मी विचारलं.

तिने दप्तरातून एक साधी वही काढली. सगळ्याच्या सगळ्या आकृत्या त्यात पेन्सिलने काढलेल्या होत्या, दर मंगळवारच्या. रेकॉर्ड हातात आलं की उतरवायच्या म्हणून.

बालाजीराव मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "वेळेत होईल ना मॅडम?"

पुढचे आठ दिवस कॉलेज सुटल्यावर शीतल लॅबमध्ये बसायची आणि मी तिच्या समोर. एकेक पान पूर्ण झालं की तिथल्या तिथे तपासून घ्यायचे. यादय्या दोघींना चहा आणून द्यायचा, वर मला ऐकू जाईल असं तेलुगूत पुटपुटायचा की हेच ऑगस्टमध्ये केलं असतं तर. पंधरा पानं झाली. आधीच्या चार पानांवर माझ्या सह्या होत्याच, आणि पाचवं तर काढून झालेलंच होतं, म्हणून त्याच्यावर मी फक्त सही केली. आणि सवयीप्रमाणे पाचव्यापासून सगळ्या तारखा मागच्या टाकल्या. बाकीच्या मुलांच्या सह्या डिसेंबरातच उरकल्या होत्या, कॅलेंडर समोर ठेवून. आता नवं कॅलेंडर लागलं होतं आणि जुन्याचे कागद यादय्याने काचेच्या स्लाइडी गुंडाळायला वापरले होते. मी मनातल्या मनात सात-सात दिवस मोजत ऑगस्टनंतरचे मंगळवार टाकत गेले.

प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले. वारंगलकडचे, बारीक अंगकाठीचे, हसणं जपून वापरणारे गृहस्थ. शीतलचं रेकॉर्ड त्यांनी उघडलं आणि अंगठ्याने पानांचे खालचे कोपरे उलटत गेले. पाचव्या पानावर थांबले.

"मॅडम, निमज्जनमच्या दिवशी तुमची लॅब चालू होती?" त्यांनी तेलुगूत विचारलं.

निमज्जनम म्हणजे गणपती विसर्जन. त्या वर्षी ते मंगळवारी आलं होतं. त्या दिवशी या शहरात कॉलेज सोडा, साधी रिक्षा चालू नसते. सगळं शहर हुसेनसागर तलावावर असतं.

मी भिंतीवरच्या नव्या कॅलेंडरकडे पाहिलं. तेव्हा त्यांनी शीतलकडे वळून विचारलं, "तू आली होतीस त्या दिवशी कॉलेजला?"

शीतलने माझ्याकडे पाहिलं. ती हो म्हणाली असती. तिच्या चेहऱ्यावरून मला ते स्पष्ट दिसलं, माझी लाज राखायला ती मुलगी खोटं बोलायला तयार होती. आणि ते पकडलं गेलं असतं तर तिचं वर्ष, शेतकी कॉलेज, सगळं माझ्या एका तारखेपायी गेलं असतं. आंब्याच्या मोहोरावरून मी एका मुलाला केवढी हसले होते, ते मला नेमकं त्या क्षणी आठवलं.

"सर, ती तारीख मी मागाहून टाकली आहे," मी म्हटलं. "वही ऑगस्टपासून माझ्या कपाटात होती. मुलीची काही चूक नाही. तिचं काम तिचंच आहे."

खोलीतली सगळी मुलं माना वर करून बघत होती. परीक्षकांनी लाल पेनने त्या पानावरच्या माझ्या सहीवर सरळ आडवी रेघ मारली. मग शीतलच्या पुढ्यात कण्हेरीचं एक पान आणि ब्लेड ठेवलं आणि म्हणाले, "छेद घे."

छेद घेणं म्हणजे पानाचा इतका पातळ काप काढायचा की त्यातून उजेड आरपार दिसला पाहिजे. घाईच्या हाताला ते येत नाही. मी दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले, बघवतच नव्हतं. शीतलने पहिले दोन काप टाकून दिले. तिसरा पाण्यात तरंगवला, उचलून काचेवर ठेवला, सूक्ष्मदर्शकाखाली लावला आणि बाजूला झाली. परीक्षक बराच वेळ वाकून बघत होते. मग त्यांनी रेकॉर्डच्या पहिल्या पानावर सही केली आणि पुढचा नंबर पुकारला. मी श्वास सोडला, तो यादय्याला दाराशी ऐकू गेला म्हणे.

चहाच्या वेळी परीक्षक माझ्याशेजारी येऊन बसले. बिस्किट बुडवत हळूच म्हणाले, "मॅडम, आमच्या कॉलेजात मीही हेच करतो. फक्त जुनं कॅलेंडर फेकत नाही."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकही तारीख मागची टाकली नाही. तीन पेनांतली दोन यादय्याला देऊन टाकली. साठ वह्या आठवड्याला होत नाहीत हे खरंच होतं, म्हणून मी वीस-वीस करून घ्यायला लागले आणि राहिलेल्यांना सरळ सांगायचे की तुमची माझ्याकडून राहिली आहे. गंमत म्हणजे मी हे कबूल करायला लागल्यावर मुलंही कबूल करायला लागली. मॅडम, मला हे येत नाही म्हणून मी बसलोच नाही. मॅडम, चुकेल म्हणून सुरूच केलं नाही. इतकी वर्षं मी ज्याला आळस समजून झोडपत होते, त्यातला निम्मा तरी आळस नव्हताच. मोहोरवाला मुलगा तेवढा खरा आळशी होता. तो आता बँकेत आहे आणि त्याचं चांगलं चाललंय.

माझ्या पहिल्या तासाच्या भाषणाचं मात्र काही खरं राहिलं नाही. ते पुन्हा कधी जमलंच नाही.

शीतल पास झाली, शेतकी कॉलेजला गेली, एवढं कानावर होतं. मग मी निवृत्त झाले, हे तारनाक्याचं घर, बाल्कनीतल्या कुंड्या आणि दुपारची झोप, असं छान चाललं आहे. यंदा जूनमध्ये एका सकाळी बेल वाजली. दारात शीतल, मागे बालाजीराव, हातात मिठाईचा पुडा. शीतल आता कृषी खात्यात आहे, जहीराबादच्या बाजूला गावोगाव फिरून शेतकऱ्यांना पिकांवरच्या रोगांचं सांगते. तोंडात शब्द नसलेली पोर एकसारखी बोलत होती आणि बालाजीराव कौतुकाने ऐकत होते. मीही ऐकत होते. फार बरं वाटलं.

चहा झाल्यावर तिने पिशवीतून प्लास्टिकचं कव्हर घातलेलं रेकॉर्ड काढलं. परीक्षेनंतर ते परत मिळालेलं, तिने जपून ठेवलेलं. पाचवं पान उघडून माझ्यापुढे धरलं. सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद. खाली माझी सही आणि तिच्यावर ती लाल रेघ.

"मॅडम, एवढी एक सही राहिलीये तुमची."

मी पेन घेतलं. मग म्हटलं, थांब, तपासल्याशिवाय नाही. चष्मा लावला आणि ते पान आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं.

खोडात दोन तऱ्हेच्या नळ्या असतात. पाणी वर नेणाऱ्या आतल्या बाजूला, पानांतलं अन्न पोचवणाऱ्या बाहेरच्या बाजूला. शीतलची आकृती सुरेख होती, पण नावं उलटी पडली होती. पाण्याच्या जागी अन्न, अन्नाच्या जागी पाणी. मी तारीख टाकली, परीक्षकांनी तारीख पकडली, पण आकृती आम्ही दोघांनीही पाहिली नव्हती. आणि त्या नावांच्या शेजारी, पुसट झालेलं, पेन्सिलचं एक बारीक प्रश्नचिन्ह होतं.

"अगं, हे तर उलटं आहे," मी म्हटलं.

"हो मॅडम," शीतल म्हणाली. "ऑगस्टमध्ये तेवढंच विचारायचं होतं."

मला एकदम भरून आलं. बालाजीराव खिडकीतून माझ्या कुंड्या बघायला लागले. मी दोन्ही नावं खोडून बरोबर जागी लिहिली, खाली सही केली आणि आतल्या नवऱ्याला ओरडून आजची तारीख विचारून ती घातली. शाई वाळेपर्यंत शीतलने पान हातात धरून ठेवलं.

"मग मॅडम," तिने विचारलं, "आता पुढचं पान काढू?"